रोवणीतल्या रिकाम्या खाटा

माझं काम काय आहे हे आईला समजावून सांगायला मला बरेच दिवस लागले. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी आहे. देशातले अतिश्रीमंत लोक दान कसं करतात, हा आमचा विषय. कशाला देतात, कशाला देत नाहीत, एका कामात किती वर्षं टिकतात, मध्येच हात का काढून घेतात. त्यांच्या मुलाखती घ्यायच्या, मग जिथं त्यांचं दान पोचलं तिथं जाऊन पाहायचं आणि लिहायचं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकूला सांगितलं, "मोठ्या लोकायले इचारत फिरते, तुम्ही दान काहून करता म्हणून."

काकू म्हणाली, "मंग ते सांगतात काय?"

माझी धाकटी बहीण तिथंच सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "सांगतात. पन ताई लिहिते ते वेगळंच."

आम्ही हसलो. पवनीच्या घरातली ती दुपार मला अजून दिसते, कारण त्यानंतर आम्ही तिघी एकत्र फारशा हसलो नाही.

बहिणीला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार काय असतो ते सांगावं लागत नाही, दर दोन-चार घरांआड कोणीतरी असतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं दुखायला लागतात. आई आणि बाबा दोघांकडेही तो लपून होता. माझ्या वाट्याला तो एकाकडूनच आला, म्हणून मला काहीच झालं नाही. तिच्या वाट्याला दोघांकडून आला. लहानपणी ती विचारायची, "ताई, तुले कसा नाही?" मी शाळेत शिकलेलं सांगायचे. ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हंजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं."

थंडी पडली, पावसात भिजली, पाणी कमी प्यायली, कशानंही तिचं दुखणं उठायचं. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते शाळेतून आले की तव्यावर मीठ गरम करायचे, फडक्यात बांधायचे आणि तिच्या मांड्या शेकत बसायचे. ती ओरडायची नाही. दातात ओढणी धरायची. बाबा गेले तेव्हा ती कॉलेजात होती. पुढचं शिक्षण तिनं दोन दुखण्यांच्या मधल्या दिवसांत पूर्ण केलं. लग्नाची बोलणी दोनदा आली आणि दोनदा आजाराचं कळल्यावर मोडली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनंच पाहुण्यांना आधी सांगून टाकलं आणि चहा दिला.

मग भंडाऱ्याला ते केंद्र उघडलं. बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या इमारतीत दोन खोल्या, चार खाटा, एक नर्स, आणि आठवड्यातून तीनदा येणारे एक डॉक्टर. मुंबईतल्या एका फार मोठ्या उद्योगपतीनं ते दिलं होतं. दारावर त्याच्या आईचं नाव होतं. दुखणं उठलं की पेशंटनं सरळ तिथं जायचं. नर्स सलाईन लावायची, इंजेक्शन द्यायची, पांघरूण घालायची. जाड, गरम ब्लँकेटं होती तिथं. बहीण पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा तिनं मला फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, तिथं कोनी असं नाही म्हनत का हे नाटक करून राहिली."

काही महिन्यांनी नर्सनं तिलाच कामाला घेतलं. काम फोनचं होतं. जिल्ह्यातल्या पेशंटची यादी तिच्याकडे असायची. रोज दहा-बारा जणांना फोन करायचा. गोळी घेतली का, पाणी किती प्यायलं, स्वेटर घातलं का, गेल्या आठवड्यात आला नाहीत ते काहून. पवनीहून बसनं जायची आणि बसनं यायची. पहिल्या मानधनातून तिनं आईला चष्मा करून दिला. मी सुटीत घरी गेले की ती तिच्या पेशंटच्या गोष्टी सांगायची. सगळ्यात जास्त नाकाडोंगरीकडच्या एका बाईच्या. ती बाई स्वतः पेशंट होती, तिकडच्या खाणीवर कामाला जायची. तुमसरहून बस बदलून यायची, आणि येताना माझ्या बहिणीसाठी काहीतरी आणायची. कधी मोहफुलं, कधी तेंदूची टेंभरं.

"ते बाई फोनवर काहीच बोलत नाही," बहीण सांगायची. "मी इचारलं का गोळी घेतली का, तं फक्त हूं म्हनते. पन फोन ठेवत नाही. मीच ठेवतो म्हनली का मंग म्हनते, अजून जरासक बोल ना बाई."

आमच्या संस्थेचा नवा अभ्यास सुरू झाला तेव्हा आमच्या प्रमुख मॅडमनी दात्यांची यादी पुढे ठेवली. त्यात त्या उद्योगपतीचं नाव होतं आणि भंडाऱ्याचं केंद्रही होतं. मॅडम म्हणाल्या, "हा जिल्हा तुझाच आहे ना? भाषाही येते. हे तू कर."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की माझी बहीण तिथं पेशंट आहे आणि कामालाही आहे. नियम अगदी साधा होता. आपलं माणूस असेल तर ते प्रकरण दुसऱ्याला द्यायचं. मी बोलले नाही. मला ते काम हवं होतं, हे एक. आणि मला वाटलं, मी मध्ये असले तर केंद्राचं भलंच होईल. दोन्ही कारणं मी स्वतःलाही धड सांगितली नव्हती.

मुंबईत त्या गृहस्थांच्या कार्यालयात मी गेले. मी बऱ्याच श्रीमंतांना भेटले आहे. काही घड्याळाकडे बघत बोलतात, काही स्वतःच्या बालपणाच्या गरिबीवर फार वेळ थांबतात. हे तसे नव्हते. वयानं सत्तरीच्या पुढचे, शांत. मराठी चांगलं बोलत होते. मी विचारलं, "तुम्ही हेच काम का निवडलंत?" ते म्हणाले, आईची एक जुनी मोलकरीण भंडाऱ्याकडची होती, तिची मुलगी या आजारानं गेली. आईनं मरताना ते बोलून दाखवलं होतं.

मग ते म्हणाले, "देणं सोपं असतं हो. दिल्यानंतर तिकडे काय होतं ते आमच्यापर्यंत पोचत नाही. आमची माणसं सगळं छान चाललंय असंच सांगतात. तुम्ही खरं लिहा. म्हणून तर मी वेळ दिला."

मी म्हटलं, "लिहीन."

"तुम्ही तिथं गेला आहात का कधी?"

"जाणार आहे," मी म्हणाले.

मी तिथं कितीदा तरी गेले होते. बहिणीचा डबा घेऊन त्याच बाकावर बसले होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी संशोधक म्हणून त्या केंद्रात गेले. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. नर्सला ठाऊक होतं मी कोण, तिनं ओळख दाखवली नाही. बहिणीनंही नाही. तिनं माझ्याकडे बघून "बसा मॅडम" म्हटलं आणि तोंड वळवून हसली. मी सलग सहा दिवस तिथं बसले. रोवणी जोरात होती. शेतातल्या बांध्यांमध्ये गुडघाभर पाणी, बायका सकाळपासून वाकून धानाची रोपं लावत होत्या. त्या सहा दिवसांत चारही खाटा भरल्या असं एकदाही झालं नाही. दोन दिवस तर दुपारपर्यंत सगळ्या रिकाम्या होत्या. मी ते टिपून घेतलं.

शेवटच्या दिवशी बहीण माझ्याजवळ येऊन बसली. नर्स जेवायला गेली होती.

"काय लिहून राहिली?" तिनं विचारलं.

"जे दिसलं ते."

"खाटा रिकाम्या दिसल्या म्हनून लिहिलं असंल."

"हो."

"ताई, रोवणीत कोनी दुखणं सांगत नाही. हेच पंधरा दिवस मजुरी भेटते. बाया दुखणं दाबून पान्यात उभ्या राहातात. रोवणी आटपली का येतात सगळ्या, मंग खाली गादी टाकावी लागते. तू दिवाळीनंतर ये आन पाहून घे." तिनं माझ्या वहीवर बोट ठेवलं. "खाट रिकामी हाय म्हनजे दुखणं नाही, असं नको लिहू."

मी म्हटलं, "लिहीन हे पण."

आणि लिहिलंही. पण कुठं लिहिलं ते सांगितलं पाहिजे. अहवालाच्या मुख्य भागात मी लिहिलं की भेटीच्या काळात केंद्राचा वापर क्षमतेपेक्षा बराच कमी दिसला. हंगामाचं कारण मी परिशिष्टात टाकलं, शेवटच्या पानांवर, जिथं आम्ही 'कर्मचाऱ्यांचं म्हणणं' टाकतो. कारण ते माझ्या बहिणीचं म्हणणं होतं. तिच्याकडून ऐकलेलं मुख्य भागात घातलं तर मी तिची बाजू घेतली असं होईल, असं मला वाटलं. कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी मला वाटलं. दिवाळीनंतर पुन्हा जायला मॅडमनी परवानगी दिली असती. मी मागितलीच नाही. इतर दात्यांच्या कामांबद्दल मी जितकं सांभाळून लिहिलं होतं, तितकंही इथं लिहिलं नाही. आपलं माणूस आहे म्हणून मी जास्त कडक झाले, आणि त्याचा मला मनातून थोडा अभिमानही वाटला.

अहवाल चांगला झाला असं सगळे म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "केंद्र बंद होऊन राहिलं ताई. मुंबईहून पत्र आलं. दुसऱ्या जिल्ह्यात नेतात म्हनते, तिकडे जास्त लोकायले उपयोग होईल म्हनून. नर्सबाईलेही तिकडंच बोलावलं."

मी विचारलं, "पत्रात काय लिहिलंय नेमकं?"

तिनं वाचून दाखवलं. पत्र सभ्य होतं, आभार मानलेले होते. मधल्या एका वाक्यात 'स्वतंत्र अभ्यासात आढळल्याप्रमाणे' असे शब्द होते. ते तिनं वाचले आणि ती थांबली. दोघींनाही ऐकू येत होतं की पलीकडे फोन चालू आहे.

मी दोन दिवसांनी पवनीला गेले. आई बाजारात गेली होती. बहीण मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला सांगितलं की तो अभ्यास माझाच.

ती म्हणाली, "माहीत हाय." मग एक चादर झटकून दोरीवर टाकली. "तू खोटं लिहिलं काय?"

"नाही."

"मंग?"

"सगळं खरंच होतं. पण तू सांगितलेलं मी मागं टाकलं. शेवटच्या पानावर."

"काहून?"

"तू माझी बहीण आहेस म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं, रागावली असती तर मला तिथं उभं राहता आलं असतं. तिला नीट समजलं नव्हतं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. ती म्हणाली, "मी बहीण म्हनून थोडी सांगतलं होतं तुले. मी पेशंट म्हनून सांगतलं."

मी मुंबईच्या कार्यालयाला लिहिलं. उत्तर आलं की निर्णय झाला आहे आणि नव्या जिल्ह्यात काम सुरूही झालं आहे. मॅडमपुढं मी सगळं कबूल केलं. त्यांनी अहवालाला हंगामाचं कारण सांगणारी एक पुरवणी जोडली आणि मला पुढचे सहा महिने दुसऱ्या कामावर टाकलं. त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. दार बंद करून एवढंच म्हणाल्या, "तू मला विचारलं असतंस तर मी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं, आणि त्यानं कदाचित बहिणीचंच म्हणणं पहिल्या पानावर घातलं असतं."

केंद्र गेलं, पण बहिणीनं यादी ठेवून घेतली होती. ती घरून स्वतःच्या फोनवरून फोन करत राहिली. कोणाला दुखणं उठलं तर कुठं जा, काय सांग, कागद कोणते ने. सरकारी दवाखान्यात गर्दी असायची, पण तिथल्या सिस्टरही तिला ओळखायला लागल्या होत्या. मी दर आठवड्याला तिला फोन करायचे. आमच्या बोलण्यात एक कोपरा तयार झाला होता, त्याला आम्ही दोघी वळसा घालून जायचो.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि ताप चढला. केंद्र होतं तेव्हा ती पहिल्या तासातच भंडाऱ्याची बस धरायची. या वेळी तिनं घरीच शेक घेतला, आईला म्हणाली थोड्या वेळानं उतरेल. दुसऱ्या दिवशी श्वास लागला तेव्हा शेजाऱ्यांनी गाडी केली आणि भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला पाठवलं. मी पुण्याहून निघाले होते. वाटेत आईचा फोन आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आई म्हणाली, "तू सावकाश ये. आता घाई नाही."

ती चौतीस वर्षांची होती.

नागपूरच्या डॉक्टरांना मी विचारलं, एक दिवस आधी आणलं असतं तर? ते तरुण होते, थकलेले होते, पण त्यांनी मला खुर्ची दिली. ते म्हणाले, "कदाचित. छातीत गेलं की काही वेळा लगेच आणूनही हाती लागत नाही. मी तुम्हाला हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही." दान दिल्यामुळे एखाद्या गावात काय बदललं हे सिद्ध करणं किती अवघड असतं, यावर मी स्वतः भाषणं दिली आहेत. मला त्या दिवशी फक्त कोणीतरी एकच काहीतरी ठामपणे सांगायला हवं होतं, मग ते काहीही असो.

जलदान विधीला नातेवाईक आले, विहारातले लोक आले. त्रिशरण, पंचशील झालं. आणि मग अशी माणसं यायला लागली जी आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हती. साकोलीकडचा एक रिक्षावाला. लाखनीची एक मुलगी आणि तिचे वडील. वरठीच्या कारखान्यात कामाला असलेला एक माणूस, सायकल हातात धरून बराच वेळ फाटकाशी उभा होता. त्याला आत बोलावलं तर म्हणाला, "मले त्या मॅडमचा आवाजच माहीत हाय. फोटो पाहाले आलो." असे वीसेक जण तरी असतील. प्रत्येक जण फोटोपुढं उभा राहून चेहरा आवाजाशी जुळवत असल्यासारखा बघायचा.

नाकाडोंगरीची बाई सगळ्यात शेवटी आली, दोन बस बदलून. काळी, किडकिडीत, डोळे पिवळे पडलेले. तिनं फोटोला हार घातला नाही. आईजवळ जाऊन खाली बसली.

"मंगळवारी फोन येत जाय तिचा," ती म्हणाली. "दोन मंगळवार झाले, आला नाही. मले वाटलं फोन बिघडला. मी दुसऱ्याच्या फोनवरून लावला, तं तुमी उचलला."

आईनं तिचा हात धरला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, कारण मला तिच्यासमोर जायचं नव्हतं.

उन्हाळ्यात आमच्या अभ्यासाची दुसरी फेरी होती. त्याच दात्यांना पुन्हा भेटायचं होतं. त्या गृहस्थांकडे मी जाऊ नये असं ठरलं होतं, पण त्यांनीच मला बोलावलं. पुरवणी त्यांच्या वाचनात आली होती. मी गेले. वही नेली नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या भेटीत 'जाणार आहे' म्हणाले होते तिथपासून.

ते ऐकत राहिले. मध्ये एकदा चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी म्हणाले, "मी तुम्हाला म्हटलं होतं, खरं लिहा."

"हो."

"आणि मी शेवटची पानं वाचली नाहीत." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "आमच्याकडे कुणीच ती वाचत नाही. पहिल्या दोन पानांचा सारांश येतो माझ्यापुढं."

मग त्यांनी विचारलं, काय करता येईल. तिकडच्या जिल्ह्यात आता रोज वीस-पंचवीस जण येतात. ते उचलून परत भंडाऱ्याला आणायचं का? "तुम्ही सांगाल तसं," ते म्हणाले. त्यांनी हे मनापासून विचारलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण तिकडेही कोणाची तरी बहीण असणार.

मी म्हणाले, "दोन्हीकडे द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. जणू हा मार्ग त्या खोलीत आजवर कोणी उच्चारलाच नव्हता. त्यांच्याजवळ दहा जिल्ह्यांना पुरेल इतकं होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ते म्हणाले, "समितीपुढं ठेवतो." आणि मग, जरा अडखळत, "तुमच्या बहिणीचं नाव देऊ आपण."

मी तिथूनच बाहेर येऊन आईला फोन केला. अभ्यास माझा होता, हे तिला अजूनही माहीत नव्हतं. मी फक्त म्हटलं, केंद्र पुन्हा सुरू व्हायचं बोलणं आहे, तिचं नाव देतो म्हणतात.

आई म्हणाली, "नाव कायले? नर्स पाठवा म्हना."

नर्स आली, पण आठवड्यातून दोन दिवस. समितीनं तेवढंच मंजूर केलं. त्याच इमारतीतली एक खोली आणि दोन खाटा. फोन करायला कोणी नेमलं नाही. सुरू झालं त्या आठवड्यात आईला ते पाहायचं होतं म्हणून मी सुटी काढून गेले. आम्ही सकाळच्या बसनं भंडाऱ्याला गेलो. खोलीत एक मुलगी झोपली होती, तिची आई तिच्या पायांवर ब्लँकेट सारखं करत होती. आईनं दारातूनच पाहिलं, ब्लँकेटचा कोपरा दोन बोटांत धरून पाहिला आणि बाहेर आली. नर्सशी थोडं बोलली. मग आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो.

वाटेतलं अड्याळ गाव मागं पडल्यावर मी आईला सांगितलं. अभ्यास माझा होता. खाटा रिकाम्या असं मी लिहिलं. बहिणीनं मला कारण सांगितलं होतं आणि मी ते मागं टाकलं. हे तिला माहीत होतं आणि तिनं तुला सांगितलं नाही.

आईनं सगळं ऐकलं. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या होत्या, कापून मोकळ्या झालेल्या. ती उठली, बसच्या दांड्याला धरत पुढं गेली आणि एका अनोळखी बाईशेजारच्या रिकाम्या जागेवर बसली. पवनीपर्यंत मला तिचा पदर आणि मागून बांधलेला अंबाडा दिसत होता. ती एकदाही वळली नाही. स्टँडवर उतरल्यावर ती माझ्या पुढं चालत घरी गेली. जेवण वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पुण्याला निघाले तेव्हा ती विहारात गेली होती.

सव्वा महिना ती माझा फोन उचलत नव्हती. शेजारच्या काकूकडून मला कळायचं की ती बरी आहे, जेवते, आणि बहिणीची यादी घेऊन बसते. तिला वाचायला वेळ लागतो, पण ती एकेका नावाला फोन लावते. काय बोलायचं ते तिला ठाऊक नसतं, म्हणून फक्त पाणी पिलं का एवढंच विचारते.

मग एका रविवारी तिचाच फोन आला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "त्या मोठ्या मानसाकडं तू पुन्हा जाशीन का?"

"माहीत नाही. कदाचित."

"गेलीस तं मले संग ने."

"कशाला आई?"

"मागाचं काही नाही मले," आई म्हणाली. "तो मानूस पाहाचा हाय एकदा. आन त्यानंही मले पाहावं."

मी नेईन म्हटलं. अजून नेलेलं नाही. आई दर रविवारी फोन करते, इकडचं तिकडचं बोलते, बहिणीबद्दल बोलत नाही, आणि ठेवण्याआधी विचारते की जायचं ठरलं का.